चीवर हातानं शिवायचं असतं

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी होते. पुढच्या काकूंनी मागे वळून विचारलं, "काय हो, तुमची लेक हल्ली शनिवारी ढोलाच्या सरावाला दिसत नाही?" मी म्हटलं, "शिवणाला जाते." काकूंचा चेहरा खुलला. इथे जन्मलेली मुलगी आणि शिवण शिकते म्हणजे काय! "ब्लाउज का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, चीवर. म्हणजे चीवराचं धाकटं भावंड. झेन केंद्रात शिवतात." रांगेतले आणखी दोघंतिघं वळले. मग थोडंफार सांगावं लागलं. जपानी पद्धत, हातशिलाई, एकेका टाक्याला बुद्धाचं नाव. सगळं ऐकून घेतल्यावर मागच्या एका काकांनी समारोप केला, "म्हणजे शेवटी सगळं आपल्याकडूनच गेलेलं." आणि रांग पुढे सरकली. मसालेभात संपत आला होता.

त्या काकांना तेव्हा उत्तर सुचलं नाही. वर्षभरात सुचलं ते इथे लिहिते आहे. काका हे वाचतील अशी आशा आहे, आणि रागावणार नाहीत अशीही.

आधी वस्तू काय ते सांगते. हा अंक घरोघरी आईबाबा मुलांना वाचून दाखवतात, त्या मुलांसाठीही. राकुसू म्हणजे गळ्यात अडकवायचं, छातीवर येणारं आयताकृती कापड. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तान्ह्या मुलांचं लाळेरं आठवलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. लेक दोन दिवस बोलली नाही. मोठ्या चीवराचं हे छोटं, रोज वापरता येईल असं रूप. मोठ्या चीवराला जपानीत 'केसा' म्हणतात. 'केसा' म्हणजे आपला 'काषाय' शब्द, चीनच्या वाटेनं जपानला पोचेपर्यंत घासून घासून उरलेला. झेनमध्ये गृहस्थ माणसानं शीलं घ्यायचं ठरवलं (त्यांच्याकडे सोळा आहेत) की राकुसू लागतो. भिक्षू व्हायचं तर पूर्ण केसा. विकत मिळतं सगळं, जपानात त्याची दुकानं आहेत. पण आपल्या इथल्या सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटरमध्ये, आणि तिथून फांद्या फुटून निघालेल्या लहानमोठ्या गटांमध्ये, रीत अशी आहे की ज्याचं त्यानं शिवायचं. आपल्या हातानं, मशीन न लावता.

ही रीत जपानातसुद्धा मध्यंतरी बरीच मागे पडली होती. अठराव्या शतकात जिउन ओन्को नावाच्या एका भिक्षूनं विनयाचे जुने ग्रंथ उघडून चीवर मुळात कसं असायचं याचा शोध घेतला आणि शिष्यांना घेऊन तशी चीवरं शिवली. हाच माणूस जपानबाहेर पाऊल न टाकता संस्कृत शिकला होता आणि त्यावर त्यानं हजार खंडांचं काम करून ठेवलं होतं. आपल्याकडे त्याचं नाव कुणाला ठाऊक नसावं याची मला थोडी लाज वाटते. पुढे विसाव्या शतकात कोदो सावाकी (१८८०-१९६५) यांनी ही शिलाई झेनमध्ये रुजवली. लहानपणीच पोरके झालेले, स्वतःचा मठ नसलेले, आयुष्यभर गावोगाव फिरत शिकवणारे गुरू. आणि १९७०च्या दशकात जोशिन कासाई नावाच्या जपानी भिक्षुणी कॅलिफोर्नियात आल्या आणि त्यांनी इथल्या लोकांच्या हातात सुई दिली. त्यांच्याकडे शिकलेल्या ब्लांश हार्टमन यांनी वर्षानुवर्षं शिवण शिकवलं आणि १९९६ साली त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्राच्या पहिल्या स्त्री मठाधिपती झाल्या. शिवणकामाच्या बाई मठाधिपती! मला हे फार आवडलं.

आता शिवणं. पाच उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एक लांब तुकडा आणि एक आखूड. तुकडे एकमेकांच्या कडेवर चढवून शिवायचे, भोवती चौकट, वर गळ्यात घालायचे पट्टे. एवढ्याशा कापडासाठी आधी मोजमाप, खडूच्या रेघा, इस्त्री, घडी, परत मोजमाप. तुकड्यांची ही मांडणी कुठून आली ते महावग्गात आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातली शेतं पाहिली, बांधांनी आखलेली, चौकोनाला चौकोन लागलेली. त्यांनी आनंदाला विचारलं, असं चीवर करता येईल का? आनंदानं करून दाखवलं. पावसाळ्यात कोकणातून आगगाडीनं गेलेल्याला ही नक्षी वेगळी समजवायला नको. अख्ख्या कापडाचे असे तुकडे केले की त्याला बाजारात भाव उरत नाही, चोरालाही ते नको असतं. हाही हेतू होताच.

टाका असतो तो उलट्या टिपेचा. सुई पुढे काढायची आणि मग मागे येऊन खुपसायची. वरून दिसतो फक्त एक ठिपका, खसखशीएवढा. ठिपक्याशेजारी ठिपका, सारख्या अंतरावर. आणि प्रत्येक टाक्याला मनात म्हणायचं: नमु किए बुत्सु. 'नमु' म्हणजे आपलं 'नमो'. 'किए' म्हणजे शरण जाणं. 'बुत्सु' म्हणजे बुद्ध. लेकीनं हे सहज सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. मी सुरी खाली ठेवली. ही तर आमच्या तिसरणाची पहिली ओळ! नागपूरला आमच्या घरी रोज संध्याकाळी आई-वडिलांच्या मागे बसून जी म्हणत मी मोठी झाले, ती. माझी लेक ती लहानपणी माझ्याकडून शिकली नव्हती. मी कंटाळा केला होता. आता ती तीच ओळ जपानीतून, शनिवारी सकाळी, सुईच्या टोकावर म्हणत होती.

तिसऱ्या महिन्यात तिची एक पट्टी उलट्या बाजूनं चढली. शिकवणाऱ्या बाईंनी (सत्तरीच्या आहेत, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या) चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, उसव. लेक आमची 'अन्डू'च्या जगातली. एक बटण दाबलं की चूक गेली. इथे पाच शनिवारांचे टाके एकेक करून उचकटायचे. बाई म्हणाल्या, उसवतानाही तेच म्हणायचं जे शिवताना म्हणतेस. ती घरी आली ती रडवेली. पण पुढच्या शनिवारी गेली. अभ्यासात, खेळात, नोकरीत मी या मुलीला इतकी वर्षं पाहते आहे, चुकलेलं काम एवढ्या शांतपणे परत पहिल्यापासून करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

आता माझं खरं सांगते. इतकं कौतुक मी आज करते आहे, पण पहिल्यांदा मला हे सगळं अजिबात आवडलं नव्हतं.

आमचं घर बौद्ध आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, नव्हतं त्यांना आता झालं. (लक्ष्मीपूजन आमच्याकडे होत नाही. दिवाळी अंक मात्र आला की पहिला मीच उघडते.) १४ ऑक्टोबर १९५६ला माझी आजी नागपूरच्या त्या मैदानात होती, पांढरं लुगडं नेसून, कडेवर माझ्या मामाला घेऊन. तिच्या आधीच्या पिढ्या विदर्भातल्या खेड्यात जाडंभरडं सुती कापड विणायच्या. आमच्या भागातल्या कितीतरी महार घरांत माग होता. कापड विणणारी माणसं आम्ही, आणि गावगाड्यात आमचा 'हक्क' कुठला, तर मढ्यावरच्या कापडाचा. गावात कुणी गेलं की तिरडीवरचं कापड महारवाड्यात यायचं. आजी सांगायची, लहानपणी नवं कापड मिळालं की आम्ही आधी विचारायचो, कोण मेलं? ती हे हसत सांगायची. आम्ही कुणी हसत नसू.

ही नुसती गावाची खोड नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं ल्यावीत असा नियमच करून ठेवलेला आहे. १९२७च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हाच बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना लुगडं नेसायची पद्धत बदला, स्वच्छ राहा असं सांगितलं. ज्या नेसण्यावरून तुमची जात लांबून ओळखू येते ते नेसणं सोडा. बाबासाहेबांचा कोट-टाय हा काही शौक नव्हता. आमच्या घरात तो धडा इतका भिनलेला की वडील इस्त्रीशिवाय वाण्याकडेही जात नसत. ठिगळ लावलेला कपडा घालून शाळेत जायची आम्हाला चोरी होती.

आणि माझी लेक मला सांगते, आई, चीवर मुळात चिंध्यांचं असायचं, स्मशानातून उचललेल्या कापडाचं, आणि ते किती सुंदर आहे बघ. तिच्या गटात वकील आहेत, डॉक्टर आहेत, सॉफ्टवेअरमध्ये पैसे करून लवकर निवृत्त झालेले आहेत. मी भडकले. म्हटलं, ज्यांच्या कपाटात चाळीस कोट आहेत त्यांनी चिंध्यांचं कौतुक करावं, ज्यांनी पिढ्यान्पिढ्या त्या नेसल्या त्यांना विचार सुंदर आहेत का ते. लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या उशीजवळ काही छापील पानं ठेवून कामाला गेली.

दोगेन नावाच्या जपानी झेन गुरूंचा (१२००-१२५३) चीवराच्या थोरवीवरचा निबंध होता, इंग्रजीतून. त्यात ते स्वतःची एक गोष्ट सांगतात. तेविशीत चीनच्या एका मठात ध्यानाला बसले असताना शेजारच्या भिक्षूनं पहाटे घडी केलेलं चीवर डोक्यावर ठेवलं, हात जोडले, मंत्र म्हटला आणि मगच ते अंगावर घेतलं. असं करतात हे दोगेनांनी पोथीत वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. त्यांना रडू आवरेना. इथवर मी आपली 'बरं, छान' म्हणत वाचत होते. पुढे एक यादी आली आणि मी उठून बसले.

चीवराला चालणाऱ्या टाकाऊ कापडाचे दहा प्रकार दोगेन देतात. गाईनं चघळलेलं. उंदरानं कुरतडलेलं. जळलेलं. विटाळशीचं. बाळंतिणीचं. स्मशानातलं. अशी ती यादी जाते. मी ती पुन्हा वाचली. ही तर आपली विटाळाची यादी! कुठल्याही सोवळ्याच्या घरात, ज्याला शिवलं की आंघोळ करावी लागे त्या कापडांची. दोगेन म्हणतात, याहून शुद्ध कापड जगात नाही.

म्हणजे कापड तेच. मनूच्या नियमातलंही आणि विनयाच्या नियमातलंही, दोन्ही मढ्यावरून उतरलेलं. पण भिक्षूनं ते स्वतः उचललं, धुतलं, कापलं, आपल्या हातानं शिवलं, रंगवलं, आणि मग ते राजाच्या मुलानंही घातलं आणि न्हाव्याच्या मुलानंही. शाक्य राजकुमार संघात आले तेव्हा त्यांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा द्या असं बुद्धांना सांगितलं. आपण त्याला वाकून नमस्कार केला म्हणजे आपला ताठा उतरेल, म्हणून. तिथं ते कापड अंगावर आलं की माणूस कोण होता ते पुसलं जायचं. माझ्या पणजीच्या अंगावर ते आलं ते ती कोण आहे हे कुणी विसरू नये म्हणून. तिला ते निवडता आलं नाही, नाकारता आलं नाही, त्याचं दुसरं काही करता आलं नाही.

हे समजायला मला झेन लागलं याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या काकांचं वाक्य मला इथेच अडतं. 'आपल्याकडूनच गेलं.' हो, गेलं. पुरावा हवा तर नाशिकला जा. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्यानं २००० कार्षापण कायमचे ठेवले, महिना शेकडा १ व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, कशासाठी, तर चीवरासाठी. आपल्या मंडळाचे खजिनदार हिशेब करून बघतील: वर्षाचं व्याज २४०, वीस भिक्षू, बारा-बारा. दगडात कोरलेला ताळेबंद, आणि तो जुळतो. चीवराचा खर्च मराठी मुलखातल्या विणकरांच्या पेढीवर चालत होता असा एक काळ होता.

मग चीवर गेलं. लेणी ओस पडली, लोक त्यांना पांडवांची म्हणायला लागले. मागे राहिलं ते नुसतं मढ्यावरचं कापड, आणि ते कुणाच्या वाट्याला आलं ते वर लिहिलंच आहे. तेव्हा 'आपल्याकडून गेलं' असं अभिमानानं म्हणताना, जे आपल्याकडे राहिलं त्याचं आपण काय केलं हेही एकदा बोलायला हवं. मी कुणावर आरोप करत नाही. या मंडळात वीस वर्षं माझ्या ताटात कुणी लांबून वाढलेलं नाही. पण अभिमान अर्धा नसावा, एवढंच म्हणणं.

आमच्या माणसांनाही बोलते, म्हणजे एकीकडचं झालं असं व्हायला नको. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा कठिनाचा महिना चालू असेल. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तिथून कार्तिक पौर्णिमेपर्यंत चीवरदानाचा काळ. दिवाळी नेमकी त्याच्या मधोमध येते. जुना नियम असा की कठिनाचं कापड एका दिवसात कापायचं, शिवायचं आणि रंगवायचं, सगळ्यांनी मिळून. आणि आम्ही काय करतो? प्लॅस्टिकच्या पिशवीतला तयार संच आणतो, पिशवी न उघडता भंतेजींच्या हातात देतो, फोटो काढतो. दान झालं, हात कोरडे राहिले. ज्यांचे पणजोबा माग चालवत होते त्यांच्या घरात आज सुई सापडत नाही. माझ्या घरातही लेकीनं आणली तेव्हा आली.

झेनवाल्यांचंही एक सांगते. लेकीच्या गटात कापड नवंकोरं येतं, दुकानातून, निळं सुती. शिवतात इतक्या निगुतीनं, पण ते कापूस कुणी वेचला आणि कापड कुठल्या कारखान्यात निघालं हे त्यांनी कधी विचारलेलं नव्हतं. लेकीनं एका शनिवारी विचारलं. आणि मग, माझी परवानगी न घेता, तिनं त्यांना मढ्यावरच्या कापडाची गोष्ट सांगितली. पणजीचं 'कोण मेलं?' सुद्धा. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणे. गणिताच्या बाईंनी नंतर तिला विचारलं, हे पुढच्या वर्गालाही सांगशील का?

म्हणून माझं मत असं झालं आहे की शिवावं. धर्म कुठला का असेना, किंवा नसेना. आपण इथे सगळं विकत घेतो. फराळ विकत, कंदील विकत, मुलांच्या आरंगेत्रमचे कपडे चेन्नईहून शिवून. यात पाप काही नाही, वेळ कुणाला आहे. पण विकत घेतलेल्या वस्तूला कुणाचं कापड हे आठवावं लागत नाही. तुमच्या आजीनं गोधडी शिवली असेल तर तिला प्रत्येक तुकडा ठाऊक असायचा. हे थोरल्याच्या मुंजीतलं, हे आत्याचं, हे आजोबांचं धोतर. धावदोरा घालता घालता ती घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत असायची. ते 'नमु किए बुत्सु'पेक्षा फार लांबचं नव्हतं. मंडळाला एक सुचवते: वर्षातून एक शनिवार हॉल घ्या, स्टेज नको, माइक नको. प्रत्येकानं घरातलं एक जुनं कापड आणावं, सुईदोरा आणावा, दोन तास बसावं. कापड कुणाचं होतं ते शेजारच्याला सांगावं. पुरुषांनीही. संघात चीवरं पुरुषच शिवत होते. मी माझं कापड घेऊन येईन आणि ते कुठून आलं तेही सांगेन, ऐकायची तयारी असली तर.

आता त्या कापडाबद्दल.

राकुसूच्या मागच्या बाजूला पांढरं कापड लावतात. शीलं देताना गुरू त्यावर शाईनं नवं नाव लिहून देतात. आठव्या महिन्यात लेकीनं मला विचारलं, पणजीच्या त्या पांढऱ्या लुगड्यातला एक तुकडा मिळेल का? १९५६चं लुगडं. ते नागपूरला आईच्या ट्रंकेत आहे. मी ताडकन नाही म्हटलं. ते कापायचं कापड नाही, ते जपून ठेवायचं, काचेत ठेवायचं. उद्या कुणी संग्रहालय काढलं तर तिथं द्यायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

शेवटी आईला फोन केला, माझ्या बाजूनं बोलेल या खात्रीनं. आई ब्याऐंशीची आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काहून वं," ती म्हणाली, "लुगडं का देवात ठेवाचं असते? तुह्या आजीनं ते फाटेपर्यंत नेसलं. मंग त्याचंच तुह्यं दुपटं केलं होतं. उरलं ते हे."

मला दुपट्याचं माहीत नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वीचं ते पवित्र लुगडं मी तान्ही असताना कितीदा ओलं केलं असेल!

"बाबासाहेबांनी पूजा कराले नाही सांगतलं," आई म्हणाली. "दे तिले. अन् टाके बारीक घाल म्हणा."

ऑगस्टमध्ये नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्यांच्या बॅगेतून, गोरस पाकाच्या डब्याखाली, लुगड्याचा हातभर तुकडा आला. धुवून धुवून इतका विरविरीत झालेला की उजेडात धरला तर पलीकडचं झाड दिसतं. गणिताच्या बाई म्हणाल्या, दुहेरी लावावं लागेल, नाहीतर सुईनं फाटेल. लेकीनं दुहेरी केलं, कडा दुमडल्या आणि सुई माझ्या हातात दिली. घरच्या माणसांनी थोडे टाके घातले तर चालतात म्हणाली.

चष्मा लावून बसले. प्रत्येक टाक्याला तिसरणाची ओळ, आमच्या घरच्या भाषेत. पहिले चार टाके वाकडे आले. लेकीनं पाहिले आणि उसवायला लावले.